कॅमेऱ्याची सॅक आणि सात किलोंचा हिशेब

पत्र: मी सांगलीत राहते. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले आणि येत्या ऑगस्टमध्ये छायाचित्रकारांच्या एका गटाबरोबर केनियातील मसाई मारा या अभयारण्यात जाणार आहे. माझ्याकडे निकॉनचे डी ५०० आणि डी ७२०० हे दोन कॅमेरे, २००-५०० आणि १६-८० मिलिमीटरच्या दोन लेन्स, चार जादा बॅटऱ्या, दीड किलोचा लॅपटॉप, दुर्बीण, २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि एक ट्रायपॉड आहे. मुंबई-नैरोबी तिकिटावर हातात ७ किलोंची एक बॅग आणि ३ किलोंपर्यंतची एक लहान वैयक्तिक बॅग नेता येईल, असे लिहिले आहे. नैरोबीहून पुढे लहान विमान आहे आणि त्यात हातातले धरून एकूण १५ किलो सामान चालते, असे आयोजकांनी कळवले आहे. दुकानदार ४५ लिटरची, कमरपट्टा असलेली सॅक घ्या म्हणतात. तिचे रिकामे वजन २ किलो ९०० ग्रॅम आहे. भाचा म्हणतो, चाकांची बॅग घे. आमच्या क्लबातील एक गृहस्थ त्यांची कडक प्लॅस्टिकची पेटी वापरायला द्यायला तयार आहेत. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि उजवा खांदा अधूनमधून दुखतो. १२ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणती बॅग घ्यावी?
– एक वाचक, सांगली

नमस्कार.

अशा पत्रांत सहसा न आढळणारी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे: रिकाम्या सॅकचे वजन तुम्ही दुकानदाराला विचारून लिहिले आहे. बॅगेविषयी विचारणारे बहुतेक जण तिचे लिटर सांगतात, कप्पे सांगतात, कंपनीचे नाव सांगतात. वजन मात्र त्यांना विमानतळावरच्या काट्यावरच प्रथम कळते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यावर ठरणार असल्यामुळे आधी उत्तर देतो आणि कारणे नंतर. सुचवलेल्या तिन्ही बॅगांपैकी एकही घेऊ नये. जिचे रिकामे वजन १ किलो ६०० ग्रॅमच्या आत आहे, जी पुस्तकासारखी पूर्ण उघडते आणि जिच्यातला गादीचा कॅमेरा-कप्पा एकसंध बाहेर काढता येतो, अशी मऊ आणि लहान सॅक घ्यावी.

हिशेब असा आहे. बॅटरी आणि कार्डासह डी ५०० चे वजन ८६० ग्रॅम भरते, डी ७२०० चे ७६५ ग्रॅम. २००-५०० ही लेन्स तिच्या कॉलरसह, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यासह, २ किलो ३०० ग्रॅमची आहे आणि १६-८० सुमारे ४८० ग्रॅमची. या चार वस्तूंचीच बेरीज ४ किलो ४०० ग्रॅम होते. हूड (लेन्सच्या तोंडावरची झडप), झाकणे, गळ्यातले पट्टे, एक चार्जर, पुसायचे कापड आणि धूळ उडवायचा ब्लोअर यांचे तीन-चारशे ग्रॅम धरले की तुम्ही ४ किलो ८०० ग्रॅमपर्यंत पोहोचता. सात किलोंतून हे वजा केल्यावर बॅगेसाठी जेमतेम २ किलो २०० ग्रॅम उरतात, म्हणजे दुकानदाराची सॅक घेतली तर तिच्यात एकही जादा बॅटरी ठेवण्यापूर्वी तुम्ही मर्यादेच्या सातशे ग्रॅम पुढे गेलेल्या असाल. दीड किलोची सॅक घेतली तर तेच सामान ६ किलो ३०० ग्रॅमवर थांबते आणि घरचा काटा व विमान कंपनीचा काटा यांच्यात फरक पडला तरी घाम फुटत नाही. वजन कमी करण्यासाठी लोक लेन्स घरी ठेवण्याचा विचार आधी करतात आणि बॅगेचा नंतर. हा क्रम उलटा असायला हवा, कारण लेन्स छायाचित्र काढते आणि बॅगेतला जाड फोम काहीच काढत नाही.

दुकानदार तुम्हाला फसवत आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी दाखवलेली सॅक चांगली असेलही, पण ती बनवली आहे डोंगरात दिवसभर चालणाऱ्या माणसासाठी. पाठीला ताठ ठेवणारा सांगाडा, भरभक्कम कमरपट्टा, चारही बाजूंना जाड फोम, ट्रायपॉड अडकवायचे पट्टे आणि बाहेरच्या बाजूला आणखी पिशव्या लटकवायच्या पट्ट्या यांनी तिचे वजन वाढले आहे. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला यातले बरेच काही लागते. तुम्ही ही सॅक पाठीवर घेणार आहात ती मुंबईच्या विमानतळावर, नैरोबीच्या विमानतळावर आणि मुक्कामाच्या खोलीपर्यंत. मारामध्ये दिवस उघड्या छताच्या गाडीत बसून जातो, ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून खाली उतरण्याची परवानगी नसते आणि सॅक शेजारच्या सीटवर पडून राहते. जो कमरपट्टा तुम्ही दिवसातून दहा मिनिटेही बांधणार नाही, त्याच्यासाठी पाव किलो वजन खर्च करणे परवडणारे नाही.

लिटरचा आकडाही इथे दिशाभूल करतो. मोठी बॅग रिकामी राहात नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. ४५ लिटर जागा मिळाली की त्यात स्वेटर, खाऊचा डबा आणि औषधांची पिशवी जाऊन बसते आणि काट्यावर नऊ किलो दिसतात. तुमचे दोन कॅमेरे आणि दोन लेन्स २० ते २५ लिटरच्या सॅकमध्ये नीट मावतात.

चाकांच्या बॅगेविषयी भाच्याने सांगितले ते तुमच्या खांद्याच्या काळजीपोटी, आणि विमानतळाच्या गुळगुळीत फरशीपुरते ते बरोबरही आहे. परंतु चाके, त्यांचा आस आणि ओढायचा दांडा यांचे वजन त्या सात किलोंतच मोजले जाते, त्यांची जाडी बाहेरच्या मापात धरली जाते, आणि मारामधली धावपट्टी मातीची असते. त्याहून मोठी अडचण लहान विमानाची आहे. तिच्याकडे पुढे येतो. कडक पेटीचा विचार तर एका आकड्यात संपतो. हातातल्या सामानाच्या मापात बसणारी म्हणून छायाचित्रकारांत प्रसिद्ध असलेली पेलिकन १५१० ही पेटी आतला फोम न धरताही साधारण ५ किलो ४०० ग्रॅमची आहे. क्लबातल्या गृहस्थांची पेटी दुसऱ्या कंपनीची असली तरी फार हलकी निघणार नाही. त्यांचे आभार मानावे आणि पेटी त्यांच्याकडेच राहू द्यावी.

आता मापाकडे वळू. भारतात बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेसाठी ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर अशी मर्यादा देतात, काही ५५ × ४० × २० अशी देतात. दोन्हींची बेरीज ११५ येते, पण एका मापात बसणारी बॅग दुसऱ्यात अडकू शकते. ही मापे बाहेरून घेतली जातात आणि त्यांत हँडल, बाहेरचे खिसे, फुगलेला पुढचा कप्पा असे सारे येते. म्हणून बाहेरून सुमारे ४८ ते ५० सेंटीमीटर उंच, ३० ते ३२ रुंद आणि २० जाड अशी सॅक पाहावी. ती दोन्ही चौकटींत बसेल. आतले माप तुमची मोठी लेन्स ठरवते. २००-५०० ही मिटलेल्या स्थितीत जवळजवळ २७ सेंटीमीटर लांब आणि १०.८ सेंटीमीटर जाड आहे. कॅमेरा लावून ठेवली तर लांबी ३४ च्या आसपास जाते. आतली खोली १४ सेंटीमीटर असली तर हूड उलटा लावूनही ती आडवी झोपते, मात्र कॉलरचा पाय फिरवून बाजूला घ्यावा लागतो. विमानप्रवासात ही लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून ठेवावी, असे मी सुचवेन. दोन किलोंहून जड लेन्स आणि जवळजवळ किलोभराचा कॅमेरा एकमेकांना अडकून असताना बॅग आपटली तर सारा ताण दोघांच्या जोडावर येतो. गाडीत बसल्यावर लेन्स जोडायला अर्धा मिनिट लागतो.

सॅक उघडते कशी, हे तुम्ही पत्रात विचारलेले नाही. पण वजनाखालोखाल महत्त्व मी त्यालाच देतो. काही सॅक वरून उघडतात, काहींना बाजूला हात घालण्यापुरती लहान चेन असते, काही पाठीच्या बाजूने उघडतात आणि काही तीन बाजूंनी चेन फिरून पूर्ण पसरतात. बाजूची चेन रस्त्यावर फिरताना कॅमेरा चटकन काढायला सोयीची असते, पण तुम्हाला तिचा उपयोग नाही. मुंबईच्या सुरक्षा तपासणीत सीआयएसएफचे जवान लॅपटॉपप्रमाणे कॅमेरे आणि मोठ्या लेन्सही बऱ्याचदा ट्रेमध्ये वेगळ्या ठेवायला सांगतात, आणि क्ष-किरण यंत्रात काचांचा दाट गठ्ठा दिसला की बॅग उघडून दाखवावी लागते. अशा वेळी पूर्ण पसरणारी सॅक एका हालचालीत सारे समोर मांडते. वरून उघडणाऱ्या सॅकमधून मागे रांग उभी असताना एकेक लेन्स उपसून काढणे आणि पुन्हा भरणे यात वस्तू हातातून निसटण्याचा धोका खरा असतो. पाठीच्या बाजूने पूर्ण उघडणारी सॅक मला सर्वांत पसंत आहे. ती पाठीवर असताना मागच्या माणसाला उघडता येत नाही आणि मातीवर ठेवली तर मळणारी बाजू पाठीला लागत नाही.

आणि आता ज्या प्रसंगासाठी मी आतला कप्पा सुटा हवा म्हणतो, त्याविषयी. तुमची बॅग वजनात आणि मापात बसत असली तरी विमान भरलेले असेल, तुम्ही उशिरा आत शिरत असाल आणि डोक्यावरचे कप्पे भरले असतील, तर दारातच कर्मचारी बॅग मागून घेतात आणि ती पोटातल्या सामानात जाते. त्या दोन मिनिटांत वाद घालून काही निष्पन्न होत नाही. आतला गादीचा कप्पा पेटीसारखा अलगद उचलून निघत असेल, तर तो मांडीवर किंवा पुढच्या सीटखाली घेता येतो आणि रिकामी सॅक आनंदाने देऊन टाकता येते. नुसते वेलक्रोचे पडदे लावून केलेले कप्पे असतील, तर त्या दारात तुम्ही दोन कॅमेरे आणि दोन लेन्स हातात घेऊन उभ्या राहाल. छायाचित्रणाच्या दुकानांत असे कप्पे इन्सर्ट या नावाने सुटेही मिळतात, आणि तुमच्या बाबतीत मला तोच मार्ग अधिक बरा वाटतो: किलोभर वजनाची, समोरून किंवा पाठीकडून पूर्ण उघडणारी साधी प्रवासी सॅक आणि तिच्यात बसणारे चारशे-पाचशे ग्रॅमचे इन्सर्ट. दोन्ही मिळून तुमच्या १२ हजारांच्या आत येतात, सॅक पुढे इतर प्रवासालाही वापरता येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत कॅमेरे आहेत हे कळत नाही. मोठ्या अक्षरांत कॅमेरा कंपनीचे नाव मिरवणारी बॅग घेऊन परक्या शहरात फिरण्यात मला कधीच शहाणपण वाटले नाही.

कॅमेरे चेक-इनच्या सामानात घालण्याचा विचार कोणी सुचवला तर तो मनावर घेऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात हरवलेल्या किंवा मोडलेल्या सामानाची भरपाई १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ठरते आणि तिला दर प्रवाशामागे मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, आहे. शिवाय नाजूक आणि मौल्यवान वस्तू चेक-इनमध्ये ठेवू नयेत, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींतच लिहिलेले असते, त्यामुळे तेवढी रक्कमही वादाशिवाय हाती येत नाही. कॅमेरे आणि लेन्स यांवरच्या क्रमांकांची यादी व बिलांच्या प्रती मात्र जवळ असाव्यात. विम्यासाठी त्या लागतात आणि परतताना कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारले तर तेव्हाही उपयोगी पडतात.

बॅटऱ्यांचा नियम अधिक कडक आहे आणि तोही बॅगेच्या निवडीशी जोडलेला आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये ठेवण्यास मनाई आहे. त्या हातातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॉट-अवरच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात, आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात प्रवाशाला नेताच येत नाही. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात. तुमच्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या ७ व्होल्टच्या असून त्या १४ ते १६ वॉट-अवरमध्ये येतात; पॉवर बँकेतील सेल ३.७ व्होल्टचे धरले तर ती ७४ वॉट-अवरची भरते. दोन्ही निर्धास्त मर्यादेत आहेत. पण दारात बॅग मागितली गेली तर बॅटऱ्या आणि पॉवर बँक त्यातून काढून घेणे तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून त्या मोठ्या सॅकमध्ये विखरून न ठेवता एका लहान पाऊचमध्ये, प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर प्लॅस्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावून, वैयक्तिक बॅगेत ठेवाव्यात. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाला सामानाच्या वरच्या कप्प्यातून आग लागली. सर्व प्रवासी बाहेर पडले, पण विमान जळाले, आणि तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर काही देशांनी आणि कंपन्यांनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला किंवा उड्डाणात वापरायला बंदी केली. तुमच्या कंपनीचा नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्या.

तीन किलोंच्या वैयक्तिक बॅगेसाठी काही विकत घेऊ नका. घरात तीनशे ग्रॅमची कापडी शबनम किंवा साधी खांद्यावरची पिशवी असेलच. दीड किलोचा लॅपटॉप, बॅटऱ्यांचे पाऊच, पॉवर बँक, पासपोर्ट आणि औषधे मिळून ती पावणेतीन किलोंपर्यंत जाते. लॅपटॉपचा चार्जर चेक-इनमध्ये चालतो. कॅमेऱ्याचा एक चार्जर मात्र हातातच हवा, कारण चेक-इनची बॅग दोन दिवस उशिरा आली तर कॅमेरे तुमच्याजवळ असूनही बंद पडतील. दुर्बीण गळ्यात अडकवावी. काही कंपन्यांच्या नियमांत अंगावर नेण्याच्या वस्तूंच्या यादीत कॅमेरा किंवा दुर्बीण आजही आढळते; तुमच्या कंपनीच्या यादीत ती असेल, तर वजन काठावर आल्यास डी ७२०० त्याच्या लहान लेन्ससह गळ्यात घेता येईल. बरेच छायाचित्रकार खिशांचे जाकीट घालून दोन किलो सामान अंगावर चढवतात. त्याला माझी हरकत नाही, पण तुमचा हिशेब त्याशिवाय जमतो आहे, आणि खिशांत लेन्स घेऊन सहा तास बसणे खांद्याला मानवणार नाही.

खांद्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक कॅमेरा-सॅक उंच पुरुषाच्या पाठीचे माप धरून कापलेल्या असतात. पाच फूट एक इंच उंचीच्या व्यक्तीने ५५ सेंटीमीटर उंचीची सॅक घातली की तिचा तळ कमरेच्या खाली लोंबतो, प्रत्येक पावलाला मागे आपटतो आणि वजन खांद्यांना मागे खेचते. ४८ सेंटीमीटरच्या आसपासची सॅक घ्यायला सांगण्यामागे हेही कारण आहे. खांद्याचे पट्टे सरळ नसून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले असावेत, म्हणजे ते छातीवर रुतत नाहीत; छातीवरचा आडवा पट्टा वरखाली सरकवता यावा; आणि जड लेन्स आत ठेवताना पाठीला लागून, मधल्या उंचीवर राहील अशी रचना करता यावी. लेन्स सॅकच्या बाहेरच्या बाजूला गेली तर तेच वजन खांद्याला दीडपट वाटते. एका खांद्याला अडकवायच्या कॅमेरा-पिशव्या दुकानात सुंदर दिसतात, पण त्या तुमच्यासाठी वर्ज्य समजा.

लहान विमानाकडे आता वळतो. आंतरराष्ट्रीय विमान नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरते, आणि माराकडे जाणारी लहान विमाने सहसा शहरातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात. त्यांत सेसना कॅराव्हॅनसारखी एका इंजिनाची विमाने असतात. त्यांना डोक्यावर सामानाचे कप्पे नसतात. सामान मागच्या जागेत किंवा पोटाखालच्या पेटीत कोंबले जाते, म्हणून बॅगा मऊ असाव्यात, असे त्या कंपन्या स्पष्ट सांगतात. चाकांच्या आणि कडक बॅगा इथे अडतात. तुमच्या १५ किलोंपैकी १० किलो हातातल्या दोन बॅगांनी घेतले की कपड्यांसाठी, बॅगेच्या वजनासह, पाचच किलो उरतात. मोठी सूटकेस नैरोबीत आयोजकांच्या किंवा हॉटेलच्या ताब्यात ठेवून पुढे हलक्या कापडी बॅगेतून जावे. ट्रायपॉड घरीच राहू द्या. गाडीच्या छतातून छायाचित्रे काढताना तो उभाच करता येत नाही. त्याऐवजी लेन्स टेकवायची लहान बीन बॅग रिकामीच न्यावी आणि तिथे तांदूळ किंवा कडधान्य भरून घ्यावे. अनेक ठिकाणी गाडीतच भरलेली मिळते. विमानात बसताना सॅक मागे ठेवायला मागितली, तर इन्सर्ट काढून मांडीवर घेण्याची युक्ती इथेही चालते.

ऑगस्ट हा मारामध्ये कोरडा हंगाम असतो आणि विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडतात त्याच सुमाराला गाड्यांची वर्दळही वाढते. तेव्हाची धूळ कॅमेऱ्याची खरी वैरीण आहे. सॅकच्या तळाशी असलेले पावसाचे आवरण गाडीत धुळीसाठी घालून ठेवावे, आणि हाती असलेल्या कॅमेऱ्यावर जुना सुती उशीचा अभ्रा टाकावा. त्याहून चांगले साधन विकत मिळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सामान गुंडाळण्याची सवय इथे सोडावी लागेल, कारण केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. रंग निवडता आला तर राखाडी किंवा मातकट घ्यावा. काळा आणि गडद निळा रंग त्सेत्से या चावणाऱ्या आफ्रिकी माश्यांना आकर्षित करतो, आणि दुर्दैवाने दुकानांतल्या दहापैकी नऊ सॅक काळ्याच असतात.

खरेदीला कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या फोर्टातल्या दुकानांत गेलात तरी दोन्ही कॅमेरे, दोन्ही लेन्स आणि सामान टांगून मोजायचा लहान डिजिटल काटा बरोबर न्या. छापलेल्या वजनावर विश्वास न ठेवता रिकामी सॅक आधी टांगून पाहा, काही कंपन्या आतले पडदे आणि पट्टे काढून वजन छापतात. मग सामान भरा, पुन्हा टांगा, पाठीवर घेऊन दुकानाच्या जिन्यावरून एकदा वर-खाली करा, आणि भरलेल्या अवस्थेत चेन एका हाताने सहज फिरते का ते पाहा. तिथेच इन्सर्ट एका हालचालीत बाहेर निघते का, हेही करून बघा. निघत नसेल तर ती जोडी घेऊ नका.

त्याआधी आयोजकांना दोन प्रश्न लेखी विचारा: लहान विमानात जादा वजनाचे पैसे आगाऊ भरण्याची सोय आहे का, आणि सूटकेस नैरोबीत ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोण घेणार. त्यांचे उत्तर येईपर्यंत दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.